जनाची लाज, मनाची लाज

अशा एका माणसाचा विचार करा, ज्याच्या हातून गुन्हा घडला, न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि शिक्षा भोगून तो आता घरी परतला आहे. तो पूर्ण मोकळा मात्र झालेला नाही. पुढची काही वर्षे त्याला एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहायचे आहे आणि आदेशात एक अट आहे. त्याच्या प्रत्येक संगणकावर आणि मोबाइलवर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले जाईल. तो काय टाइप करतो, काय शोधतो, कोणते चित्र उघडतो याची नोंद त्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचत राहील. हे योग्य आहे का?

दोन उत्तरे आपल्या ओठांवर तयार असतात. एक म्हणजे, ‘केले आहे ते भोगू दे’. दुसरे, ‘शिक्षा झाली ना, आता सोडा त्याला’. दोन्ही उत्तरांत विचार करण्याचा आळस आहे. साधकाने या प्रश्नापाशी थोडे थांबावे, कारण यात त्याच्या रोजच्या साधनेतलाच प्रश्न दडलेला आहे. बाहेरचा डोळा माणसाला आतून बदलू शकतो का?

‘जनाची नाही, तर निदान मनाची तरी लाज बाळग’, असे आपल्या घरातली वडीलधारी माणसे सहज बोलून जातात. या बोलण्यात लाजेच्या दोन पायऱ्या गृहीत धरलेल्या आहेत. लोक पाहतात म्हणून वाटते ती एक आणि कोणी पाहत नसतानाही वाटते ती दुसरी. पाळतीची सारी यंत्रणा पहिल्या लाजेवर चालते. त्या लाजेतून माणूस दुसरीपर्यंत पोहोचतो की पहिलीतच अडकून पडतो, हे आपल्याला पाहायचे आहे.

ही पद्धत सर्वांत जास्त रुजली आहे ती अमेरिकेत. तिथे तुरुंगातून सुटलेल्या किंवा तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेल्या व्यक्तीला न्यायालय अटी घालते. मुलांविरुद्धचे ऑनलाइन लैंगिक गुन्हे, संगणकातून केलेली फसवणूक, हॅकिंग अशा प्रकरणांत त्या अटींमध्ये संगणकावरची पाळत असू शकते. संबंधित व्यक्तीला आपल्याजवळचे प्रत्येक उपकरण जाहीर करावे लागते. त्यावर बसवलेले सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने पडद्याची छायाचित्रे घेते, भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद ठेवते आणि काही विशिष्ट शब्द टाइप झाले की अधिकाऱ्याला सूचना पाठवते. न सांगता दुसरा फोन बाळगणे हाच अटीचा भंग ठरतो आणि त्यासाठी पुन्हा तुरुंगात जावे लागू शकते. अनेकदा या पाळतीचा खर्चही त्या व्यक्तीकडूनच वसूल केला जातो.

या देखरेखीचे मूळ मात्र फार वेगळ्या ठिकाणी आहे. १८४१ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा जोडे बनवणारा एक कारागीर न्यायालयात बसला होता. तिथे एका दारुड्याला शिक्षेसाठी उभे केले गेले. ऑगस्टसने त्याच्याशी दोन शब्द बोलून पाहिले, त्याचा जामीन घेतला आणि तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा न्यायाधीशांसमोर आणले. त्याच्यातला बदल पाहून न्यायाधीशांनी केवळ नाममात्र दंड केला. पुढची अठरा वर्षे ऑगस्टस हेच काम करत राहिला आणि सुमारे दोन हजार माणसांच्या पाठीशी उभा राहिला. तोही नजर ठेवत होता, हे विसरू नका. कोणाचा जामीन घ्यायचा हे तो पारखून ठरवायचा, वचन घ्यायचा, निवारा आणि काम शोधून द्यायचा आणि न्यायालयाला अहवालही द्यायचा. पुढे १९०७ साली इंग्लंडच्या कायद्याने परिवीक्षा अधिकाऱ्याची म्हणजे प्रोबेशन ऑफिसरची कर्तव्ये सांगितली, तेव्हा त्यांत सल्ला देणे आणि साहाय्य करणे यांच्या जोडीला मैत्री करणे हेही लिहिले. कायद्याच्या पुस्तकात मैत्री हा शब्द क्वचितच सापडतो! आपल्याकडच्या १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानेही परिवीक्षा अधिकाऱ्यावर देखरेखीबरोबरच सल्ला देण्याची, मदतीची आणि गरज पडल्यास रोजगार शोधून देण्याच्या प्रयत्नाची जबाबदारी टाकली आहे.

त्या मैत्रीची जागा सॉफ्टवेअरने घ्यावी का, या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाळत सरसकट चुकीची आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

लहान मुलांच्या शोषणाची चित्रे पाहणारा, साठवणारा, पुढे पाठवणारा माणूस ‘केवळ पडद्याकडे पाहत’ नसतो. त्या चित्रातले मूल खरे असते. ते चित्र दर वेळी उघडले जाते, तेव्हा त्या मुलाचा अपमान पुन्हा घडतो. काही माणसे खोटे नाव आणि खोटे वय सांगून मुलांशी बोलायला सुरुवात करतात आणि हळूहळू त्यांना जाळ्यात ओढतात. दारूचे व्यसन सुटलेल्या माणसाच्या खिशात कोणी भरलेली बाटली ठेवून देत नाही. मग ज्याचा गुन्हाच फोनच्या वाटेने घडला, त्याच्या खिशात फोन ठेवून डोळे मिटून घेणे याला करुणा कसे म्हणायचे? ज्याला सोसावे लागले, त्या मुलाच्या जिवावर आपण उदार होणे ही करुणा नव्हे. तो भाबडेपणा आहे आणि भाबडेपणाची किंमत नेहमी दुसऱ्याच कोणालातरी मोजावी लागते.

मग ‘फोनच नको, इंटरनेटच नको’ असे का म्हणू नये? हा उपायही करून पाहिला गेला आहे.

केविन मिटनिक हे नाव संगणक क्षेत्रातल्या वाचकांना ठाऊक असेल. हॅकिंगच्या गुन्ह्यांसाठी तो जवळजवळ पाच वर्षे तुरुंगात होता. जानेवारी २००० मध्ये तो सुटला, पण पुढची तीन वर्षे अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय संगणक किंवा मोबाइल फोन वापरण्यास त्याला मनाई होती. सुटकेनंतर दोनच महिन्यांच्या आत अमेरिकेच्या सिनेटच्या समितीने संगणकसुरक्षेवर त्याची साक्ष घेतली. ज्या विषयावर देशाचे प्रतिनिधी त्याचा सल्ला ऐकत होते, त्या विषयाच्या साधनाला हात लावण्याची त्याला मोकळीक नव्हती. बंदी संपल्यावर त्याने संस्थांना सुरक्षेचा सल्ला देण्याचा व्यवसाय उभारला आणि २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच क्षेत्रात होता. जे कौशल्य त्याला गुन्ह्याकडे घेऊन गेले होते, त्यावरच तो पुढे प्रामाणिकपणे जगला. ती बंदी जन्मभराची असती तर ही वाट त्याला कधीच सापडली नसती.

दुसरे उदाहरण नॉर्थ कॅरोलिना राज्यातले. लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीने, लहान मुले ज्यांचे सदस्य होऊ शकतात अशी समाजमाध्यमे वापरणे हाच त्या राज्यात गुन्हा होता. २०१० मध्ये अशा एका माणसाचा वाहतुकीचा दंड रद्द झाला आणि त्या आनंदात त्याने फेसबुकवर देवाचे आभार मानणारा मजकूर लिहिला. पोलिसांच्या नजरेला तो पडला आणि तो पुन्हा दोषी ठरला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१७ मध्ये न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाने तो कायदा रद्द झाला. मुलांशी संपर्क साधण्यासारख्या नेमक्या कृतींना राज्य मनाई करू शकते, पण एवढे मोठे दार सर्वांसाठी बंद करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. सुधारू पाहणाऱ्या गुन्हेगारालाही या माध्यमाचा चांगला उपयोग होऊ शकतो, हे त्यातले म्हणणे मला महत्त्वाचे वाटते.

कायद्याचा भाग तज्ज्ञांवर सोडू. साधकाच्या दृष्टीने संपूर्ण बंदीत आणखी एक उणीव आहे. घरात दाणा नसताना घडलेल्या उपासाला कोणी एकादशी म्हणत नाही. समोर पर्याय असताना तो बाजूला ठेवणे म्हणजे संयम. ज्याच्याकडून सगळे काढूनच घेतले आहे, त्याला संयमाचा सराव करायला जागाच उरत नाही. मनाई संपते त्या दिवशी तो जसा होता तसाच, कदाचित अधिक आसुसलेला, बाहेर येतो. शिवाय आज फोनशिवाय प्रामाणिकपणे जगणे किती कठीण आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बँकेचा ओटीपी, नोकरीचा अर्ज, गावाकडे पाठवायचे पैसे, डॉक्टरांची वेळ, सगळे त्यातूनच होते. सगळी दारे लावून घेतली तर माणूस खिडकी शोधतो आणि त्याच्या ओळखीची खिडकी बहुधा जुन्याच गल्लीत उघडते.

म्हणजे पाळत हा मधला मार्ग झाला. साधन द्यायचे आणि त्यावर नजर ठेवायची. पण इथेच खरी अडचण सुरू होते, कारण नजरेला कुठे थांबावे हे कळत नाही. एकदा पडद्याची छायाचित्रे जायला लागली की त्यांत गुन्ह्याशी संबंध नसलेलेही सगळे येते. पत्नीशी झालेले भांडण, आईच्या आजारपणाचे कागद, रात्री एकट्याने लिहिलेली आणि मग पुसून टाकलेली प्रार्थना. घरात संगणक एकच असेल तर शाळकरी भाचीचा अभ्यासही. तिने तर काही केलेले नाही. यंत्राला शब्द कळतो, संदर्भ कळत नाही. ‘मुलगी’ हा शब्द एक बाप आपल्या लेकीच्या आठवणीने लिहील आणि दुसरा माणूस भलत्याच हेतूने. सूचनेची घंटा दोघांसाठी सारखीच वाजेल. घंटा वाजल्यावर माणसाशी बोलायला कोणी माणूस असेल तरच तिचा उपयोग, एरवी तो नुसता गोंगाट.

आणि ज्याच्यावर नजर आहे त्याचे काय होते? काही जण त्या नजरेने खरोखर सावरतात. मोहाच्या क्षणी ‘कोणीतरी पाहील’ हा विचार हात आवरतो आणि तो क्षण टळतो. टळलेल्या क्षणाचे मोल साधकाला सांगावे लागत नाही. पण काही जण निराळाच धडा शिकतात. कसे दिसायचे, एवढेच ते शिकतात. पडद्यावर भजनाचे व्हिडिओ लावायचे आणि उशीखाली दुसरा फोन ठेवायचा. आपल्याकडे याला दंभ म्हणतात आणि संतांनी उघड पाप्यापेक्षा दांभिकावर अधिक कोरडे ओढले आहेत, ते उगीच नाही. उघड चुकलेल्याला निदान आपण चुकलो हे ठाऊक असते. अखंड, आंधळी, सगळे टिपणारी पाळत असा दंभ निर्माण करण्याचा कारखाना होऊ शकते.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये अशाच काही प्रकरणांत एक वाट सुचवली, ती मला अधिक शहाणपणाची वाटते. इंटरनेटवर सरसकट बंदी घालणे गुन्ह्याच्या प्रमाणाबाहेरचे आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. त्याऐवजी व्यक्तीने इंटरनेट वापरावे, मात्र आपण काय पाहिले याचा इतिहास पुसू नये आणि पोलिसांनी मागितल्यास तो तपासायला द्यावा, अशी अट घालता येते. यातला बारकावा लक्षात घ्या. इथे दर क्षणी कोणी खांद्यावरून डोकावत नाही. तू मोकळा आहेस, पण केलेले पुसून टाकता येणार नाही, एवढेच सांगितलेले आहे. चित्रगुप्ताची वही आपल्या ओळखीची आहे. चित्रगुप्त कोणाचा हात धरत नाही. तो फक्त लिहितो, आणि लिहिलेले खोडता येत नाही. या दोन नजरांच्या मधल्या जागेत माणसाला स्वतः निर्णय घेण्याचा अवकाश मिळतो, आणि मनाची लाज उगवली तर तिथेच उगवेल.

आपल्या देशात हा विषय अजून नवा आहे, पण दाराशी आला आहे. २०२३ च्या आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियमाच्या मसुद्यात रजेवर जाणाऱ्या कैद्याने इलेक्ट्रॉनिक उपकरण अंगावर वागवण्याची तयारी दाखवावी, अशी अट घालण्याची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूने, खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्यापुढे एक प्रकरण आले. जामिनावर सुटलेल्या एका परदेशी आरोपीने गूगल मॅप्सवर आपल्या जागेची खूण तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, अशी अट त्यात होती. पोलिसांना आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवता यावी आणि त्याच्या खासगी आयुष्यात डोकावता यावे, अशी अट जामिनाला घालता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. गंमत अशी की अशा खुणेने माणसाचा माग प्रत्यक्षात लागतच नाही, हे त्याच सुनावणीत पुढे आले. नजर ठेवल्याचे समाधान तेवढे मिळत होते.

जामिनावरचा आरोपी आणि दोषी ठरलेला अपराधी यांत फरक आहे, तो पुसू नये. पहिल्याचा दोष अजून सिद्ध व्हायचा आहे. दुसऱ्याच्या बाबतीत समाजाला अधिक अटी घालण्याचा अधिकार आहे. पण अधिकार आहे म्हणजे मर्यादा नाही, असे होत नाही. अमेरिकेचा देखरेखीचा कायदाही सांगतो की अटीने स्वातंत्र्याचा संकोच गरजेपुरताच करावा, त्याहून अधिक नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत सांगण्यासारखे काही आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा तिला पाठिंबा होता आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची तीमागे प्रेरणा होती. भिंतींशिवाय, कुटुंबासह, शेती करत कैदी तिथे राहिले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. नावातच सारे आहे. बारा हात सहा खुन्यांचे आणि दोन डोळे त्यांच्यासोबत राबणाऱ्या आदिनाथ जेलरचे. तेही पाहणारेच डोळे होते. पण ज्यांच्याकडे ते पाहत होते, त्यांनाही ते डोळे दिसत होते. सॉफ्टवेअरच्या नजरेत हीच गोष्ट नसते. ते माणसाला पाहते, माणसाला ते दिसत नाही. जो आपल्याला पाहतो त्याच्या डोळ्यांत आपल्याविषयी आशा आहे की तो फक्त चुकीची वाट पाहत बसला आहे, हे कळायला समोर चेहरा लागतो.

स्वतंत्रपूरचा दाखला देऊन सगळ्या अटी उठवा, असे मात्र मी म्हणणार नाही. शेतावर काम करणाऱ्या कैद्याच्या हाती कुदळ होती. जगातल्या कोणत्याही मुलापर्यंत पोहोचणारे साधन त्याच्या हाती नव्हते. म्हणून आज डोळे आणि यंत्र दोन्ही लागतील. प्रश्न कोणी कोणाच्या हाताखाली राहायचे, हा आहे. अधिकाऱ्याला आठवड्यातून एकदा समोर बसून बोलायला वेळ मिळावा म्हणून यंत्र असेल, तर ते उपकारक आहे. बोलायला लागू नये म्हणून यंत्र असेल, तर पैसे वाचतील, माणूस वाचणार नाही. पाळत ज्या गुन्ह्यासाठी आहे तेवढ्यापुरतीच असावी, ती उघड सांगून केलेली असावी, आणि माणूस जसजसा विश्वासाला पात्र ठरेल तसतशी कमी होत जावी. कधीही न संपणारी पाळत त्या माणसाला एकच गोष्ट सांगते, की तू बदलू शकतोस यावर आमचा विश्वास नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा मुलांना सांगणाऱ्या समाजाने हे सांगणे विसंगत आहे.

आपल्यालाही बाह्य आधार लागतातच. पहाटेचा गजर, जपाची माळ, साधनेची रोजनिशी, सत्संगाचा ठरलेला वार, हे सगळे बाहेरून लावलेले टेकूच आहेत. फरक एवढाच की ते आपण आपल्या हाताने लावले आहेत. देखरेखीखालच्या माणसावर ते लादलेले असतात. पण लादलेले बंधनही माणूस आपलेसे करू शकतो. जी नोंद अधिकाऱ्यासाठी होते आहे, ती रात्री स्वतः उघडून पाहणारा माणूस बदलायला लागला आहे, असे समजावे. त्याला तशी सवय लावायला कोणीतरी बाजूला बसावे लागते आणि ते काम सरकारी खाते एकटे करू शकणार नाही.

म्हणून शेवटी प्रश्न आपल्या अंगणात येतो. असा एखादा माणूस उद्या आपल्या सत्संगाला आला तर? त्याच्या मागच्या रांगेतल्या जागेवरून कुजबुज करू नका. त्याच वेळी, त्याने डोळ्यांत पाणी आणून चार शब्द बोलले म्हणून त्याला बालसंस्कार वर्गाची जबाबदारीही देऊ नका. मुलांचे काम, मुलांचे फोन क्रमांक, मुलांची छायाचित्रे असलेले गट त्याच्यापासून दूर ठेवा, आणि हे त्याला तोंडावर, शांतपणे सांगा. मागून ठरवू नका. त्याला स्वयंपाकघर द्या, बाग द्या, पुस्तकांची बांधणी द्या. त्याच्या अधिकाऱ्याच्या भेटीचा दिवस माहीत करून घ्या आणि त्या दिवशी तो एकटा जाऊ इच्छित नसेल तर सोबत जा. त्याच्या अटी काय आहेत हे विचारायला संकोच करू नका. ज्याला खरोखर सावरायचे आहे, तो सांगेल. आणि ज्या संध्याकाळी त्याचा फोन येईल की आज मन ताब्यात नाही, त्या संध्याकाळी तो फोन उचलणारा कोण असेल, हे केंद्रातल्या दोघातिघांनी आधीच ठरवून ठेवा.